उघडीप

घोटीपासून जीपने. जीप थांबली तिथून पायी.
पाऊलवाट पाण्यात शिरली तिथून रोहिदासच्या तराफ्यावर:
दोन ट्यूब, चार बांबू, वर खताची रिकामी पोती.
"मधी उभं ऱ्हाऊ नका, सायेब."
तेवढंच बोलला तो.
पलीकडचा डोंगर ढगामागून
थोडा थोडा दिसू लागला,
दाराआडून कोण आलंय बघावं तसा.

पाणखडीचा पाडा.
अकरा वर्षं हे नाव मी रोज तक्त्यात पाहिलं,
नाशकात, त्र्यंबक रोडच्या कचेरीत, पंख्याखाली.
तिथे कोंबड्या असतील
असं कधी वाटलं नव्हतं.

सोळा घरं. कारवीचे कूड, शेणाने लिंपलेले.
पागोळ्यांखाली पातेली, पातेल्यांत आभाळ.
हिरड्याच्या खोडावर नेचे, नेच्यांवर शेवाळ,
आणि सगळ्यावर पाणी, चालत असलेलं.
एका पोराच्या डालग्यात खेकडे
एकमेकांच्या पाठीवर चढून
कुठेच पोचत नव्हते.

चांगुणाबाई लोहकरे, पर्जन्यमापक वाचक.
मानधन महिना तीनशे, तेही दिवाळीला एकदम.
इरलं भिंतीला टेकवून तिने चहा टाकला,
बिनदुधाचा, गवती चहाचं पातं घालून.
मग कणगीमागून काढली मापाची काचनळी,
लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली,
तान्ह्या पोरासारखी.

नळी परत न्यायलाच आलो होतो मी.
आता धरणाच्या भिंतीवर यंत्र बसलंय,
पंधरा मिनिटांनी आपोआप आकडा पाठवतं.
हे सांगायला मी वाटेत दोन वाक्यं जुळवली होती.
ती म्हणाली, "बरं झालं. गुडघं दुखत्यात."

वह्या निघाल्या युरियाच्या पिशवीतून.
अक्षर मोठं, काने आहेत, मात्रा कधी नाहीत.
चौसष्ट. एकशे बारा. नव्वद.
एके ठिकाणी: बाटली भरून सांडत हुती, मोजला न्हाई, माफी.
आणि मधेमधे कोरे रकाने.

कोऱ्या रकान्यांची माझी ओळख जुनी.
वाचक गैरहजर, असं धरायचं
आणि शेजारच्या दोन ठाण्यांची सरासरी टाकायची.
नियम आहे तसा.

"इथे काही लिहिलं नाहीत," मी सहज म्हणालो.
"पडलाच न्हाई तर काय लिवू?"

तिने बोट ठेवलं, नाचणीचं पीठ लागलेलं,
एका रिकाम्या चौकोनावर.
"ही उघडीप. नातीला पल्याड न्हेलं, डोस पाजाया.
ह्या दिवशी समद्या पाड्याच्या गोधड्या वाळल्या,
दगडं दिसंनात, निसत्या गोधड्या.
आन् ही... आबाजीची म्हातारी गेली तवा.
दोन दिस निसतं ऊन. लाकडं वाळली.
एका काडीत पेटली बिचारी.
न्हाईतर आमच्याकडं श्रावणात मरणं
लई वंगाळ."

तारीख मला पाठ असायचं कारण नव्हतं.
पण आकडा आठवला: एक्केचाळीस पूर्णांक तीन.
दोन्ही दिवस तोच, म्हणून लक्षात राहिलेला.
सरणावर, गोधड्यांवर,
पदराखाली झाकलेल्या पोरीच्या डोक्यावर
मीच पाडला होता तो,
चहा गार होण्याआधी,
इगतपुरीचा अर्धा, घोटीचा अर्धा.

काही बोललो नाही.
पावती लिहिली: काचनळी एक, सुस्थितीत.
तिने अंगठा नाही, सही केली,
आडनावापाशी थांबून, पेन झटकून.
वह्या मागितल्या तर पिशवी जवळ ओढली.
"ह्या कशाला? तुमच्याकडं हाय की समदं."

परतताना तराफ्याच्या मधे उभा राहिलो नाही.
बसलो. नळी मांडीवर.
रोहिदास बांबूने तळ चाचपत होता,
कुठे लागत होता, कुठे नाही.
नळीच्या बुडाशी दोन थेंब उरले होते, सकाळचे.
मोजून झालेले की मोजायचे,
विचारायचं राहिलं.