शेऱ्याचा रकाना

टेमा बंदराच्या दोन नंबर फाटकाशी आमचं ऑफिस.
पाच संगणक, बावीस माणसं, तीन पाळ्या.
कोण कुठल्या यंत्रावर कधी बसलं, कधी उठलं,
हा हिशेब माझ्याकडे.
निळी वही, सहा रकाने,
शेवटचा शेऱ्याचा.

पहिल्याच आठवड्यात कळलं,
यंत्रांच्या लेखी इथं एकच माणूस कामाला आहे.
एबो.
पहाटे तीनला एबो, दुपारी तीनला एबो,
एकाच मिनिटाला तीन खोल्यांत एबो.
मंगळवारी जन्मला म्हणून नाव एबो,
आणि मंगळवारी तर इथले कोळीसुद्धा
होड्या वाळूवर ओढून ठेवतात,
समुद्राला विसावा म्हणून.
एबोला तोही नाही.

विचारलं तर सगळे हसले.
एबोला जाऊन झाली चार वर्षं,
ताकोराडीला मेव्हण्याबरोबर बर्फाचा कारखाना काढलाय म्हणे.
जाताना पासवर्ड ठेवून गेला,
घर सोडताना चुलीपाशी आगपेटी ठेवावी तसा.
जो आला त्यानं काडी ओढली.

अक्राहून तपासनीस येणार म्हणून साहेब घामाघूम:
"सेलॉर्म, नावं लाव.
प्रत्येक नोंदीला खरा माणूस लाव."

मग मी पडदे वाचायचं सोडलं
आणि खुर्च्या वाचायला लागलो.
एक नंबरची खुर्ची शेवटच्या खाचेपर्यंत वर:
लांबटांग्या क्वेई.
दोनच्या कीबोर्डवर शितोच्या तिखट तेलाचं बोट:
आयेले, आणि तिचा न संपणारा डबा.
तीनवर अक्षरं एवढी मोठी की दारातून वाचावीत:
चष्म्याशी भांडण असलेले मिस्टर आगबेको.
हरमॅटन सुटला होता, वाळवंटाची धूळ सगळ्यावर.
बोटं जिथं फिरतात
तेवढीच अक्षरं काळी राहिलेली.
पाचवर फक्त आकडे काळे. तो गोदामवाला.

राहिला चार.
चारचा माउस रोज सकाळी डाव्या बाजूला.

इथं डाव्या हाताने कोणी कोणाला काही देत नाही,
पैसे नाहीत, पाव नाही,
वाटसुद्धा दाखवत नाही.
डावखुरं कोण, विचारलं.
बावीस जणांनी उजवे हात वर केले,
नाही म्हणायला.

एका रात्री पाण्याची बाटली विसरलो म्हणून परत आलो
(खरंच विसरलो होतो).
चारवर मादाम ओकाइले, रात्रपाळीच्या प्रमुख,
तीस वर्षांची नोकरी,
ज्यांची सही अजून शाळेतल्या पोरासारखी थरथरते.
आणि डावा हात माउसवर,
ओळीमागून ओळ, कंटेनरमागून कंटेनर,
पाहुण्यांसमोर कधी न आलेली बाई
स्वयंपाकघरात वावरावी
तसा बिनधास्त.
अंगठ्याच्या पेराशी पट्टीचा जुना वळ.
चाहूल लागली.
माउस उजवीकडे गेला.
"बाटली," मी म्हणालो.
"खिडकीत आहे," त्या म्हणाल्या.

तपासनीस आले, वही चाळली, चहा घेतला, गेले.
बावीस जणांना बावीस पासवर्ड.
मग एबोचं नाव निवडलं.
यंत्रानं विचारलं, कायमचं काढायचं?
क्षणभर वाटलं, एवढं राबलेल्या माणसाला
निदान फोन तरी करावा.
दाबलं. एबोला रजा मिळाली.
वार बुधवार होता.

यंत्र चार. रात्रपाळी. ओकाइले.
बसल्याची वेळ, उठल्याची वेळ.
शेरा: कोरा.

फक्त संध्याकाळी निघताना
चारच्या माउसची वायर
टेबलामागून हातभर सैल सोडतो.