ताव

उद्यमबागेत रविवारी भट्टी बंद.
मालकांच्या सूनबाईंनी शेडमधली वाळू झाडून घेतली,
मोल्डच्या पेट्या भिंतीकडेला सारल्या
आणि वाजवणाऱ्यांना चाळीस खुर्च्या मांडल्या.
आम्हाला बाकं.

पत्रिकेवर वर कन्नड की वर मराठी,
यावरून दोन दिवस फोन चालले होते म्हणे.
शेवटी अशी छापली की अर्धी उलटी,
ज्यानं त्यानं आपापल्या बाजूनं धरायची.
मधोमध चित्र एकच, जाळाचं.
माझ्या बाजूनं तो खाली लोंबत होता.

डावा कान ब्लोअरला देऊन झालाय, तेहतीस वर्षांत.
उजवा शिल्लक आहे, तो पुढे केला.

गोव्याकडनं आलेली व्हायोलिनं,
कॅम्पातल्या बँडमधनं रिटायर झालेले ट्रम्पेटवाले,
आणि मच्छेच्या भरमा सुताराची नात,
चेलो का काय ते गुडघ्यांत धरून
म्हशीची धार काढायला बसावी तशी.

लुदोविनाबाईंनी हात उचलले.

सुरुवात बरी केली. चिपाड पेटतं तसं,
आधी कडेकडेनं.
मग जाड तारांतून ब्लोअर सुरू झाला,
मला तो कानाआधी तळपायांत कळला.
मग चढत गेलं, चढत गेलं.
मोनाप्पा मिस्त्री काळ्या काचेशिवाय
नुसत्या डोळ्यानं ताव सांगायचा:
‘अजून तांबडं हाय. थांब. थांब की रे...
आता.’
मी मनात त्याच्यासारखंच म्हणत होतो
आणि नेमक्या ‘आता’ला पितळी तोंडं उघडली.

बाईंना हे कुणी शिकवलं?

मोनाप्पा गेला तो ओल राहिलेल्या साच्यानं.
वाळूत घोटभर पाणी, बास.
तो आवाज मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.
ह्यांच्या कागदाच्या तावांवरही नव्हता.
त्या जागी सगळ्यांनी गज वर धरले होते नुसते,
दोन श्वास.
बरं झालं.

चूक एकच. शेवट दणक्यात केला.
ओतून झाल्यावर लोखंड दणका देत नाही.
ते निवतं. तासन्‌तास.
झोपेत पोर दात खातं तसा बारीक आवाज करत.

हे बाईंना सांगावं म्हणून उठलो.
टाळ्या थांबल्या होत्या, बाई मानेवरचा घाम पुसत होत्या,
नऊचं ऊन पत्र्यावर चढलं होतं
आणि वर छत वाजायला लागलं.
टिक.
मग पलीकडच्या कैचीवर, टिक.

बाईंनी रुमाल तसाच धरून वर बघितलं.
भरमाच्या नातीनंही, गज अजून हातात.

मी काही बोललो नाही.
चहा झाला, कुंदा झाला,
मग मला धरून चौघांनी पेट्या परत ओढल्या.
उद्या सातला ओत आहे.