दाभण

इद्रिसदाच्या क्लबात पाच बॅगा आहेत.
तीन सरकारी, चामड्याच्या नावाखाली रेक्झिनच्या,
एक गळक्या पत्र्याखाली कुजलेली,
आणि एक माझी.

माझी म्हणजे मी शिवलेली.
खिदिरपूरच्या गोदीतून आलेली ताडपत्री,
आत मटियाबुर्जची कातरण :
फ्रॉकच्या गळ्यांतून उरलेले अर्धचंद्र,
पूजेच्या ऑर्डरीतून वाचलेली जरी,
खिसे व्हायचे राहून गेलेले चौकोन.
वाळू भरू नका, मीच म्हणालो होतो.
वाळू खाली बसते, पोरांची मनगटं जातात.
चिंधी मार खाते आणि पुन्हा फुगते.

महिन्यातून एकदा पोरगा निरोप आणतो,
"चाचा, फाटली."
मी दाभण घेतो, दोऱ्याला मेण लावतो,
ट्राम डेपोमागच्या मैदानात जातो.
छपराखाली जमिनीवर चुन्याचा चौकोन,
त्यालाच रिंग म्हणायचं. दोर नाहीत.
रेघेबाहेर पाय पडला
की इद्रिसदा ओरडतो, "गंगेत पडलास!"

मला बॉक्सिंगमधलं काही कळत नाही.
फाटलेलं कळतं.
जुनी झालेली शिवण नुसती उसवते.
ठोशाची गोष्ट वेगळी.
तिथे ताडपत्री आधी पांढरी पडते,
मग धागा धागा सुटतो,
मग एका सकाळी आतली जरी बाहेर डोकावते.

अशफाकची चीर मधोमध, सरळ. ताकद आहे, कल्पना नाही.
दिलशादची कुठेच नाही, तो नुसता नाचतो.
आणि नुझहतची
डाव्या अंगाला, बरगडीच्या जागी,
दर वेळी तिथेच, रुपयाएवढी.

पहिल्यांदा ती माझ्या कमरेशी होती.
नुझहत तेव्हा नऊ वर्षांची,
भावाचा डबा द्यायला आली आणि परत गेलीच नाही.
मग चीर एक बोट वर सरकली.
रमजाननंतर आणखी दोन बोटं.
एका ईदेला मी तिचा कुर्ता माप न घेता बेतला.
उंचीला बरोबर बसला.
खांद्यांत चुकला.
खांद्यांचं बॅगेला काय कळणार.

तिची आई तहमीना माझ्याकडची काजं-बटणं करते, डझनावर.
एकदा तिला म्हणालो,
"पोरगी रोज मारते ती तुझ्याच कात्रीखालची कातरण आहे."
तिने दातांनी दोरा तोडला.
"मग सांगा तिला," म्हणाली,
"हात आखडू नकोस."

गुवाहाटीहून नुझहत ब्राँझ घेऊन आली.
पदक दाखवायला गल्लीभर फिरली.
माझ्याकडे आली ती भुवई दाखवायला.
मी चष्मा कपाळावर सरकवला, तिला उजेडात वळवलं.
तीन टाके. दोन बरे होते.
"तिसरा ताणलाय," मी म्हणालो, "चुणी राहील."
"राहू दे चाचा."
दुकानातल्या आरशात तिने एकदाच पाहिलं,
एखाद्या कपड्याचं फिटिंग पाहावं तसं.

आता ती रोहतकच्या शिबिरात असते.
तिथे दूध मिळतं, डॉक्टर मिळतो,
आणि बॅगा, म्हणे, कारखान्यातून येतात.
तहमीना फोनवर आधी जेवण विचारते, मग थंडी,
मग बराच वेळ काहीच विचारत नाही.
फोन मात्र ठेवत नाही.

पाच महिने डावी बाजू धड आहे.
माझा शेवटचा टाका तिथे तसाच,
काळा, घट्ट, बिनकामाचा.
येता-जाता अंगठा फिरवून बघतो.

काल पुन्हा निरोप आला.
मधोमधची चीर, अशफाकचीच.
शिवली. गाठ मारली. उठताना हात टेकला
तेव्हा दिसलं :
पार खाली, माझ्या गुडघ्याच्या वितभर वर,
डाव्याच अंगाला,
ताडपत्री पांढरी पडली आहे.

कोणाची, ते विचारलं नाही.
चुन्याच्या रेघेपाशी चार-पाच चिल्लीपिल्ली उभी होती,
त्यातल्या एकीच्या हातांना
पट्ट्यांऐवजी फ्रॉकचे बंद गुंडाळलेले.
इद्रिसदा म्हणाला, "आलाच आहात तर तेही शिवून टाका."

"अजून फाटलेलं नाही," मी म्हणालो,
आणि दोरा परत रिळावर गुंडाळला.