विणकाम न येणारा

वीज गेली की वडगावात
सगळ्या गल्ल्या एकदम गप्प होतात.
तेव्हा तो निघतो,
ताण्याच्या उभ्या दोऱ्यांवरून,
चार पावलं, थांबा.
चार पावलं, थांबा.
खोट काढायला व्यापारी आल्यागत.

पहिल्या दिवशी मी त्याला झाडूच मारलेला.
झाडूवरनं उडी घेऊन
तो माझ्या मनगटावर बसला
आणि अख्खं डोकं वर करून बघितलं की माझ्याकडं!
इतकी वर्षं कोळीष्टकं काढली,
कोळी बघतो हे ठाऊकच नव्हतं.

सासऱ्यांचं पितळी भिंग आहे,
इंचात किती धागे बसले ते मोजायचं.
पेला उपडा घालून त्यातनं पाहिलं:
समोर चार डोळे,
मधले दोन रात्रीच्या एसटीच्या दिव्यांसारखे,
उरलेले चार टाळूवर.
काळं अंग, मधोमध पांढरा पट्टा
डोक्यापासून शेवटापर्यंत, काठासारखा सरळ.

'नर आहे काकू, मादी मातकट असते,'
शेजारची सौंदर्या म्हणाली.
तिच्या वहीत दोन रकाने,
घरचं नाव कोळी, शाळेतलं जेड.
तो दोन्ही हाकांना येत नाही.
माशीला येतो.

बाहेर चुन्याच्या भिंतीवर एक चपटा, राखी,
दोन्ही कडांना काळी रेघ.
न्हाणीच्या खिडकीत एक, पोटावर पांढरी कोर.
तिसऱ्यावरून आमचं दोन दिवस भांडण.
ती म्हणे मुंगी.
भिंग लावून पाय मोजले, आठ!
पुढचे दोन मिशांसारखे हलवत होता लबाड.
चौथा अजून ओळखलेला नाही.
मीटरपेटीमागं राहतो, बोलावल्यावर दिसत नाही.

विणकराच्या घरात राहून
यातल्या एकालाही जाळं विणता येत नाही.
सासरे असते तर म्हणाले असते, बिनकामाचे.
आमच्या सुदर्शनलाही म्हणायचे,
तो माग सोडून उद्यमबागेत फौंड्रीला लागला तेव्हा.
(डबा इथूनच जातो अजून.)

पण उडी मारण्याआधी हा
पायाखाली एक दोरा चिकटवतो.
भिंगातनंही जेमतेम दिसतो.
काल नेम चुकला,
लोंबकळला थोडा वेळ,
आणि त्याच दोऱ्यानं वर आला.

वीज आली.
समोरच्यांचा माग धडधडायला लागला.
बटणावर बोट ठेवून मी उभी आहे.
तो अजून काठाच्या लाल दोऱ्यांवर,
चार पावलं,
थांबा.