हयातीचा दाखला

पुंता अरेनासच्या वाचनालयात नवा प्रिंटर आला
तो नेटवर्कवर मीच चढवला.
योवांका तेव्हाच म्हणाली होती,
"म्हाताऱ्यांना जमेल असं कर."
मी मान हलवली, आणि कुलपावर कुलूप घातलं.

आज एलेउतेरिओ बारिया आलेत.
बाहेर वारा असा, की चौकात दोर बांधलेत
माणसांना धरून चालायला.
टोपी हातात, फोन नातवाचा जुना,
काचेला कोपऱ्यातून भेग.
पेन्शनच्या कचेरीला कागद हवाय
की ते जिवंत आहेत.
समोर जाऊन उभे राहिले होते काल,
ते पुरलं नाही.

फोननं प्रिंटर शोधला, आणि थबकला.
"या यंत्राची ओळख पटत नाही.
दाखला त्यानं स्वतःच स्वतःला दिला आहे."
त्यांनी मला ते दोनदा वाचायला लावलं.
मग हसले, खालचे तीनच दात दाखवत:
"म्हणजे माझ्यातलाच की हा!
मीही कालपासून सांगतोय, बाबांनो, मी आहे."

चूक माझी. सही आणायची राहिली होती,
सगळे मानतात अशा कुणाच्या हातची.
'तरीही पुढे जा' असं बटण असतं.
दाबा म्हणालो असतो, तर मिनिटाचं काम.
पण उद्या भलताच कुणी वाटेत बसेल
प्रिंटरचं नाव लावून,
आणि हे त्यालाही म्हणतील, हो, जा पुढे.

म्हणून त्यांना हीटरपाशी बसवलं.
योवांकानं कॉफी दिली.
पाऊण तास मी की-बोर्डवर वाकलेला,
ते पाठीमागून सांगत होते:
मेंढीच्या कानाला मालकाची खूण कापलेली असायची.
बिनखुणेचं मेंढरू कितीही ओरडलं
तरी फाटक उघडायचं नाही.
"ओरडायचं मात्र फार," ते म्हणाले.

मग कुलूप दिसलं, तांदळाच्या दाण्याएवढं.
फोन आणि प्रिंटर काय बोलले
ते मलाही कळलं नसतं, गाठ मीच घालून दिली तरी.
नाव, जन्मसाल, आईचं माहेरचं आडनाव
सगळं भुगा होऊन हवेतून गेलं
आणि पलीकडे पुन्हा बारिया झालं.

पण कागद लगेच येत नाही.
आधी चार आकडे मागतो.
"कुणाला ऐकू जाऊ देऊ नका," मी कुजबुजलो.
लोकर कातरण्याच्या यंत्रानं त्यांचे कान कधीच नेलेत.
"काय?"
"आकडे! गुप्त ठेवायचे!"
"शून्य दोन एक एक!" ते गरजले, वाऱ्याच्याही वर.
"दोनशे अकरा मेंढ्या! एका दिवसात! एकट्यानं!"

वाचनालय गप्प.
गृहपाठ करणाऱ्या मुलीनं वही जवळ ओढली.
वर्तमानपत्रामागून कुणीतरी हळूच शीळ घातली.
योवांकानं माझ्याकडे मुद्दाम पाहिलं नाही.

कागद गरम होता. त्यांनी तो गालाला लावला.
मग कोटाच्या आत, बनियनलगत ठेवून
दोनदा चाचपला,
आणि दोराला धरून निघून गेले, तिरके.

प्रती दोन मागवल्या गेल्या होत्या, चुकून.
दुसरी ट्रेमध्ये पडून आहे.
कुणाचा कागद मागे राहिला तर लगेच फाडायचा,
नियम मीच लिहून भिंतीला लावलाय.
श्रेडर पायाशीच आहे, चालू.
मी अजून ती ओळ वाचतोय:
एलेउतेरिओ बारिया, आजच्या तारखेस, हयात.