आभाळ बाकी

गोणपाटात गुंडाळून आणलं त्याने,
मुलाच्या टेम्पोतून, दोघांनी धरून.
मला वाटलं गिअरबॉक्स.
देवगड बंदरावर माझ्याकडे येतात ती
खारं पाणी प्यालेली यंत्रं,
पिस्टन अडकलेली, बेअरिंग रडणारी.
हे काळं धूड, डोक्यावर दोन गोल कान,
आकड्यांची पट्टी हिरवी पडलेली.

धाकू खोबरेकर, वय ब्याऐंशी.
स्टुडिओत ट्रिकच्या खात्यात होता,
पडद्यावर नाव कधी आलं नाही.
‘कॅमेरो आसा,’ म्हणाला, ‘मोजणी तेवढी बंद पडली.
उघडू नको हां. आत अर्धो दर्या आसा.’

मग रिकाम्या डब्यावर बसून सांगत राहिला:
सिमेंटची टाकी, हातभर गलबत,
शिडं मलमलीची, फेसाला रिठे.
लाट वीतभरच,
पण फिल्म चौपट वेगाने पळवली
की पडद्यावर सावकाश उठते,
वजन घेऊन कोसळते.
भिंगापुढे वरच्या अर्ध्यावर काळा पुठ्ठा.
खालचं झालं की भिंग झाकून
फिल्म उलटी, थेट शून्यापर्यंत.
पुठ्ठा खाली. आता वरचं.
चारशे बाराव्या चौकटीत गलबतावर उजेड पडतो,
वीज वर त्याच आकड्याला पडायला हवी.
सदुसष्ट साली दर्या घेतला.
संध्याकाळी स्टुडिओला कुलूप.

मी आयुष्यात न उघडता
काही दुरुस्त केलेलं नाही.
बाहेरचे चार स्क्रू काढले,
जुन्या टेपरेकॉर्डरचं दातेरी चाक
कानशीने घासून बसवलं.
झाकणाच्या फटीतून सिरक्यासारखा वास आला.
कसला, विचारणार होतो.
त्याचं नाक माझ्याआधी तिथे पोचलं होतं.
तो काही बोलला नाही,
मीही स्क्रू आवळले.

जेटीच्या टोकाला, तिकाटण्यावर,
तळहाताने भिंग झाकून त्याने हँडल उलटं फिरवलं.
आकडे मागे जाऊ लागले.
जाळी विणणारे दोघे हात थांबवून बघत राहिले.
शून्य. पुठ्ठा खाली.
मी वाकून पाहिलं आणि म्हटलं,
काका, पवनचक्क्या येतायत मध्ये,
शिवकाळातलं गलबत ना तुमचं?
‘येंवदे,’ म्हणाला. ‘गलबताक वारो लागताच मां.’

हँडल फिरत होतं, एका लयीत,
म्हाताऱ्याचा खांदा तेवढा थरथरत होता.
आकडे मी मोठ्याने वाचले.
चारशे दहा. अकरा. बारा—
त्याने दोन बोटांनी भिंगाचा डोळा सताड उघडला,
लगेच मिटवला.
आभाळ निरभ्र होतं.
‘पडली,’ म्हणाला.

चाकाचे दोनशे दिले, मोजून.
धुलाईला कुठे पाठवणार, मी विचारलं नाही.
रात्री बायको म्हणाली, हातांना वास कसला?
साबणाने धुतले, मग रॉकेलने.
सकाळी सहाला यामाहा उघडायची होती,
पाणी गेलेली.