वयाची अट नाही

देवळाच्या सभामंडपातल्या फळ्यावर
रोहिदास गाडनं खडूनं लिहिलं होतं:
मे महिना. सकाळी साडेसहा, तळीत पोहणे.
मंगळवारी चुडतं विणणे. शनिवारी बोंडू वेचायला भाटात.
शेवटच्या रविवारी सगळ्यांचं जेवण,
येताना आपापलं ताट आणावं.
खाली, बारीक अक्षरात: वयाची अट नाही.

ती ओळ मी तीनदा वाचली
आणि उर्वीचं नाव घातल्यावर म्हटलं, माझंही.
रोहिदास चौथीपर्यंत माझ्याच बाकावर बसायचा.
त्यानं वर पाहिलं नाही. लिहिलं,
‘उर्वीची आई’.

या तळीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत माझं बालपण.
चौथीवर शेवाळ होतं, आणि आईचा आवाज.
भाऊ वरून उड्या टाकायचे,
मी कपडे सांभाळायचे:
चार सदरे, एक घड्याळ,
एकदा तर डब्यात कुणाचातरी जिवंत खेकडा.

शिकवायला तुळशीदास.
मांडवीवर खनिजाच्या बार्जवर बावीस वर्षं खलाशी,
खाणी थांबल्या तसा घरी बसलेला.
यंदा त्याच्या हाताखाली सतरा पोरं आणि मी.
माडावरून आपसूक गळलेले, सोडणासकट दोन नारळ
काथ्यानं बांधून त्यानं माझ्या काखांत दिले.
‘पाण्याशी भांडू नका,’ म्हणाला,
‘ते पंचायतीपेक्षा जुनं आहे.’

भांडले.
चार दिवस नाकातोंडातून तळी प्याले.
उर्वी तिसऱ्याच सकाळी नारळ सोडून
बेडकासारखी पलीकडे गेली
आणि तिथून ओरडली, वाड्यातल्या शेवटच्या घराला ऐकू जाईल असं,
‘आई, पाय मार! दोन्ही! दोन्ही पाय!’
माझा धाकटा भाऊ पायरीवर बसून
माझा टॉवेल सांभाळत होता.
हे त्याच्या लक्षात आलं की नाही, माहीत नाही.

घरी पोचेपर्यंत पोटात वणवा.
कैतान पोदेराचा भोंगा वळणावर ऐकू यायचा.
आई अंगणात सोलं पसरत बसलेली, बोटं लालजांभळी,
‘या वयात कसले हे खेळ,’ म्हणायची,
आणि माझ्या बशीत एक उंडो जास्त ठेवायची.

मंगळवारी चुडतं विणताना
हात चालतात त्याच्या दुप्पट तोंडं.
प्रेमावती वहिनींनी विचारलं, ‘बुडत नाहीस?’
‘बुडते,’ म्हटलं, ‘मग वर येते.’
बुधवारी त्या मॅक्सीत, केस घट्ट बांधून,
पाचव्या पायरीवर उभ्या,
जशा काही भाजीच घ्यायला आल्यात.

कितव्या दिवशी ते नक्की सांगता येणार नाही.
काथ्याची गाठ सुटली, की तुळशीदासनं सोडवली,
तो अजून कबूल करत नाही.
अकरा हात मारले.
अकराव्याला शेवाळाचा दगड बोटांना लागला, पलीकडचा,
लहानपणी कधी न पाहिलेला,
आणि तो अगदी अलीकडच्यासारखाच होता.

शेवटच्या रविवारी खतखतं, सोलकढी,
फणस चिरणाऱ्यांचे तेलकट हात,
आणि ताट विसरलेले नेहमीचे तिघे.
तुळशीदासनं नारळ परत वाटले.
माझ्या एकाला कोंब आला होता,
बोटभर, फिकट हिरवा.
लावायचा की फोडायचा यावर वाद रंगला.
आतला गोड पांढरा गोळा पोरांना हवा होता.
पोरं जिंकली. मला चिमूटभर मिळाला.

रोहिदास फळा पुसत होता.
म्हणाला, ‘पुढच्या वर्षी लिहू ना तुझं?’
‘लिही,’ म्हटलं, ‘पण सुलक्षा लिही.’
‘आडनाव कुठलं घालू?’ त्यानं विचारलं,
आणि आम्ही दोघं बराच वेळ
खडूच्या त्या तुकड्याकडे बघत राहिलो.

रात्री उर्वी माझ्या दंडावर पाय टाकून झोपली.
झोपेतही तिचे पाय चालत होते.
मी कुशीवर वळले
आणि सकाळपासून कानात अडकलेलं पाणी
कोमट होऊन
हळूच उशीवर उतरलं.